इनडोअर पेपरातला मी

मेडिक्लेमवाल्यांनी क्लेम अडकवला म्हणून हे सगळं घडलं, नाहीतर स्वतःहून हॉस्पिटलात जाऊन स्वतःची फाईल मागायचं माझ्या कधी डोक्यात आलं नसतं. मला बायपोलर आहे, म्हणजे मूड कधी टोकाला चढतो आणि कधी टोकाला उतरतो तो आजार, बरीच वर्षं आहे, त्यासाठी लिथियमच्या गोळ्या चालू आहेत. नाशिकमध्ये अंबडला एका कंपनीत क्वालिटीला आहे, सिडकोत राहतो, घरी आई, बायको आणि पोरगी. गोळ्या घेतो, कामावर जातो, ईएमआय भरतो, म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला काही कळणार नाही असं सगळं चालू असतं.

दिवाळीच्या आधी ऑर्डरी वाढल्या आणि आमच्या लाईनला नाईट शिफ्ट लागली. बायपोलरवाल्याची झोप गेली की पुढचं ठरलेलं असतं, आधी कमी झोपूनही फ्रेश वाटतं, मग झोप येतच नाही, मग रात्री अडीचला प्लॅन्ट कसा सुधारायचा याच्या आयडिया सुचतात आणि त्या त्याच वेळी प्लॅन्ट हेडला मेल कराव्याशा वाटतात. मी केल्या. बायकोच्या लक्षात आलं होतं, दादाच्या पण, मला सोडून सगळ्यांच्या लक्षात आलं होतं. शेवटी एका रात्री दोघांनी मला गाडीत घातलं आणि शहरातल्या एका प्रायव्हेट सायकियाट्रिक हॉस्पिटलला नेलं. नाव लिहीत नाही, कारण इथे जे सांगतोय ते दुसऱ्या कुठल्या हॉस्पिटलात झालं नसतं असं मला अजिबात वाटत नाही.

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आहे, २०१८ च्या मे महिन्यापासून लागू झालाय, त्यात पेशंट स्वतः तयार असेल तर इंडिपेंडंट ॲडमिशन आणि निर्णय घ्यायच्या अवस्थेत नसेल तर कलम ८९ खाली सपोर्टेड ॲडमिशन, ज्यात नातेवाईक सही करतो आणि जास्तीत जास्त तीस दिवस ठेवता येतं. माझी ८९ वाली झाली. बायकोने सही केली. त्या रात्री मी तिला जे बोललो ते ती सांगत नाही आणि मी विचारत नाही.

तर घरी आल्यावर बिलं पाठवली. त्याच कायद्यात कलम २१ मध्ये लिहिलंय की शारीरिक आजाराला जसा इन्शुरन्स तसाच मानसिक आजाराला, विमा नियामकाने २०१८ मध्ये कंपन्यांना तसं सर्क्युलर पण काढलंय. पण कायदा वेगळा आणि क्लेम डेस्क वेगळं. तिकडून क्वेरी आली, 'कम्प्लीट इनडोअर केस पेपर सबमिट करा'. म्हणजे नुसतं डिस्चार्ज कार्ड चालणार नाही, ॲडमिशनपासून डिस्चार्जपर्यंतचा एकूण एक कागद, डॉक्टरांच्या नोट्स, सिस्टरच्या नोट्स, ड्रग चार्ट, सगळं.

काउंटरवर गेलो. आतली मॅडम चांगली होती, हसून बोलली, "पेशंटचे कोण तुम्ही?"

"मीच पेशंट."

तिचं हसू गेलं नाही पण जरा थांबलं. मग म्हणाली, "सोबत कोणी आलंय का?"

म्हणलं, झेरॉक्स घ्यायला सोबत कशाला पाहिजे. तर म्हणे नातेवाईकाची सही लागते. अहो, माझी फाईल, माझं आधार कार्ड, माझ्याच अकाउंटमधून बिल गेलंय. ती म्हणाली, "तसं नाही हो दादा, तुमच्या पेशंटचं कसं असतं ना..." आणि वाक्य तिथेच सोडलं. 'तुमच्या पेशंटचं', मी समोर उभा असून मी पेशंट नाहीच, पेशंट कुठेतरी मागे आहे आणि मी त्याचं काहीतरी काम घेऊन आलोय असं. मग मी फोनवर कायद्याची पीडीएफ उघडून कलम २५ दाखवलं, पेशंटला स्वतःचे बेसिक मेडिकल रेकॉर्ड मिळायचा हक्क आहे, डॉक्टरला एखादा भाग पेशंटला गंभीर मानसिक त्रास होईल असं वाटलं तर तेवढा राखून ठेवता येतो, पण 'एकट्याने आला म्हणून नाही' असं त्यात कुठेच नाही. शिवाय मेडिकल कौन्सिलचे २००२ चे नियम आहेत, रेकॉर्ड मागितलं की ७२ तासात द्यायचं, मानसिक असो की मोतीबिंदू. तिने आत जाऊन कोणालातरी विचारलं, अर्ज लिहून घेतला, आणि दोन दिवसांनी गठ्ठा हातात दिला, झेरॉक्सचे पैसे घेऊन. भांडण वगैरे काही नाही. पण तो कायदा फोनमध्ये नसता तर मी दादाला सुट्टी टाकून घेऊन गेलो असतो हे नक्की.

गठ्ठा मी घरी वाचला नाही, कंपनीत लंचला पार्किंगमधल्या गाडीत बसून वाचला.

पहिल्या पानावर हिस्ट्री. माहिती कोणी दिली, तर बायको आणि भाऊ, पुढे 'रिलायबल'. माझ्या नावापुढे 'अनरिलायबल'. ठीक आहे, सायकियाट्रीत हे लिहायची पद्धतच असते आणि त्या रात्री मी रिलायबल नव्हतो यात वाद नाही. त्याच्या खाली, जुना बायपोलर, औषधं अनियमित. तिथे मी थांबलो. औषधं मी एक दिवस चुकवलेली नाहीत, बायको डबीत आठवड्याच्या भरून ठेवते आणि त्या रात्री पण नऊला तिनेच दिलेली होती. वाटलं घाईत तिने काही वेगळं सांगितलं असेल, तिला फोन केला, ती म्हणाली, "मला कोणी विचारलंच नाही, ते म्हणाले गोळ्या सोडल्या असतील, मी म्हणलं नाही हो घेतात, तर ते हो हो म्हणाले."

पुढे उलटत गेलो. प्रत्येक दिवसाच्या राउंडच्या नोटला सुरुवात तीच, जुना बायपोलर, औषधं अनियमित. एकाने लिहिलं, बाकीच्यांनी उतरवलं. मॅनिया, म्हणजे मूड चढण्याची अवस्था, उलटला म्हणजे यानेच गोळ्या सोडल्या, हे इतकं गृहीत धरलेलं की त्याला पुरावा लागत नाही. आणि मग लॅबचे रिपोर्ट आले. ॲडमिट झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी रक्त घेतलेलं, सीरम लिथियम ०.७. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, लिथियमची लेव्हल शेवटच्या डोसनंतर बारा तासांनी बघतात आणि मेंटेनन्सला साधारण ०.६ ते १.० च्या मध्ये असली की बरोबर. गोळ्या सोडलेल्या माणसाची लेव्हल ०.७ येत नाही. रिपोर्टवर राउंडची बारकी सही पण आहे, म्हणजे कोणीतरी बघितलाय. बघून पानाला पिन मारली आणि पुढच्या पानावर परत लिहिलं, औषधं अनियमित.

मी क्वालिटीचा माणूस, आमच्याकडे टेस्ट रिपोर्ट एक आणि इन्स्पेक्शन शीटवर दुसरंच असं निघालं तर ऑडिटमध्ये मेजर, म्हणजे मोठी चूक, लागते, मला खरं तर हसायलाच आलं आधी. मग नाही आलं.

सिस्टरच्या नोट्स जास्त इंटरेस्टिंग होत्या. 'पेशंट डिमांडिंग, सारखं पाणी मागतो.' लिथियमने तहान लागते हो! लागतेच, कोणत्याही लिथियमवाल्याला विचारा, रात्री उशाशी बाटली असते आमच्या. वॉर्डात बाटली ठेवू देत नव्हते, म्हणजे पाणी मागावं लागायचं, मागितलं की मावशी म्हणायच्या "आत्ता तर दिलं ना रे", आणि फाईलला डिमांडिंग. अरे-तुरे पण तसंच. कंपनीच्या गेटवर ज्या वयाचा गार्ड मला सर म्हणतो त्याच वयाचे वॉर्डातले मामा पहिल्या मिनिटापासून तू. मावशींचं मला काही वाटलं नाही, त्या डॉक्टरांनाही 'अरे बाळा' म्हणायच्या, मामांचं लागलं.

'स्लेप्ट वेल.' हे चार-पाच रात्री लागोपाठ आहे. त्यातल्या निदान दोन रात्री मी टक्क जागा होतो. पण तोपर्यंत वॉर्डाचं गणित कळलेलं असतं, उठून फेऱ्या मारल्या तर 'रेस्टलेस' लागतं, रेस्टलेस लागलं की सकाळी डोस वाढतो, म्हणून भिंतीकडे तोंड करून पडून राहायचं. माझ्या शेजारच्या कॉटवर निफाडकडचे एक काका होते, द्राक्षबागायतदार, डिप्रेशनचे, त्यांनीच मला शिकवलं, "सिस्टर टॉर्च मारती तव्हा डोळे मिटायचे भाऊ, नाहीतर उद्या सायबाला सांगती." म्हणजे ते आमच्याकडे बघत होते तसं आम्हीही त्यांच्याकडे बघत होतो, ते काय लिहितात त्यावर आमचं वागणं ठरत होतं, आणि त्या वागण्यावरून ते आम्ही सुधारलो का ते ठरवत होते.

बांधलं होतं ते पण फाईलला आहे. मी सलाईनचा स्टँड उचलला होता, मला आठवतंय, त्यामुळे बांधायलाच नको होतं असं मी म्हणणार नाही, समोर ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, होता आणि त्याला लागलं असतं. पण कलम ९७ म्हणतं की दुसरा इलाजच नसेल तेव्हाच, सायकियाट्रिस्टच्या परवानगीने, का बांधलं आणि किती वेळ बांधलं ते लिहून, आणि पेशंटच्या नॉमिनेटेड रिप्रेझेंटेटिव्हला, म्हणजे त्याच्या वतीने निर्णय घेणाऱ्या माणसाला, माझ्या बाबतीत बायकोला, २४ तासात कळवून. माझ्या फाईलला वेळ आहे, कारणाच्या जागी 'व्हायोलंट' एवढा एक शब्द, आणि बायकोला माझ्या झेरॉक्समधून कळलं. ती गप्प बसली बराच वेळ. मग म्हणाली, "मी खालीच बसले होते हो तेव्हा, रिसेप्शनला."

एका रात्रीची एंट्री मात्र वेगळी आहे. शांत करायला दिलेल्या हॅलोपेरिडॉलच्या इंजेक्शननंतर माझी मान एका बाजूला ओढली जायला लागली, डोळे वर जात होते, जबडा आवळला, बोलता येईना. ज्याला हे झालंय त्यालाच कळेल किती घाबरायला होतं, स्वतःची मान स्वतःच्या ताब्यात नाही. मामा म्हणाले नाटक करतोय, आवाज मला ऐकू येत होता. नाईटचा ब्रदर आला, कोवळा पोरगा, त्याने माझी हनुवटी धरून बघितलं आणि मला सांगितलं, मामांना नाही, मला, "दादा, हे औषधामुळे होतंय, डिस्टोनिया म्हणतात, एक इंजेक्शन देतो, अर्ध्या तासात मान सरळ होईल, मी इथेच आहे." फेनर्गन दिलं आणि झाली सरळ. त्याची नोट मी परत परत वाचली, 'पेशंट म्हणतो मान ओढली जात आहे, भीती वाटत आहे.' आख्ख्या गठ्ठ्यात 'पेशंट म्हणतो' असं लिहून पुढे शंका न घेतलेली ती एकच ओळ आहे. बाकी सगळीकडे पेशंट 'क्लेम करतो' किंवा 'डिनाय करतो'. आणि हाच ब्रदर होता ज्याच्या अंगावर मी स्टँड उचलला होता.

फॉलोअपला गेलो तेव्हा गठ्ठा घेऊन गेलो, ०.७ च्या पानाला हायलायटर मारून. ओपीडी म्हणजे नेहमीचीच, मालेगाव, येवला, पेठ, सुरगाणा, कुठून कुठून माणसं आलेली, तिकडे सायकियाट्रिस्ट आहेत कुठे. देशाचाच हिशोब लाखामागे ०.७५ सायकियाट्रिस्ट असा सांगतात, म्हणजे एक पण पूर्ण नाही. त्यामुळे एका पेशंटला मिळणारा वेळ किती ते सांगायला नको. मी बसलो आणि डॉक्टर सरांना म्हणलं, औषधं अनियमित हे कुठून आलं ते सांगा. त्यांनी हिस्ट्री बघितली, रिपोर्ट बघितला, परत हिस्ट्री बघितली. मला वाटलं आता इंग्लिशमध्ये काहीतरी गोल गोल येणार. ते म्हणाले, "हे चुकलंय. आरएमओने लिहिलं आणि मी पुढे रेटलं." आरएमओ म्हणजे वॉर्डातला निवासी डॉक्टर.

मग पेन खाली ठेवून जे बोलले ते मला फाईलपेक्षा जास्त कामाचं वाटलं. म्हणाले, "आमच्याकडे परत कोण येतं सांगा? ज्याचं बिघडतं तो. वीस वर्षात जे बरे झाले ते कुठे आहेत मला माहीत नाही. लग्नात समोर आले तरी ओळख देत नाहीत, आणि मी पण देत नाही, त्यांची अडचण नको म्हणून. माझ्या आरएमओने अजून एक पण पेशंट चांगला असताना, कामावर असताना बघितलेला नाही. त्याने दहापैकी आठ वेळा गोळ्या सोडलेलेच बघितलेत."

याला नाव आहे हे मला नंतर कळलं, कोहेन आणि कोहेन म्हणून दोन अमेरिकन संशोधकांनी १९८४ मध्ये 'क्लिनिशियन्स इल्यूजन' म्हणून मांडलंय, ज्यांचा आजार लांबतो किंवा उलटतो तेच डॉक्टरच्या डोळ्यासमोर जास्त राहतात म्हणून डॉक्टरला तो आजार आहे त्यापेक्षा वाईट वाटतो. आमच्या भाषेत, फक्त रिजेक्शन बिन, म्हणजे नापास मालाचा डबा, बघून प्लॅन्टची क्वालिटी सांगायची. मला ते पटलं, पण अर्धंच. कारण रिजेक्शन बिन बघणाऱ्यालाही ०.७ वाचता येतं.

आणि सरांचं ते ओळख न देण्याचं तर शंभर टक्के खरंय. मध्यंतरी पवननगरच्या भाजीबाजारात तेच मामा दिसले, नाटक करतोय म्हणणारे. खांद्यावर पोरगी, हातात मेथीची जुडी आणि समोर मामा. त्यांनी मला ओळखलं, मी त्यांना, आणि दोघं एकदमच दुसऱ्या गाड्याकडे वळलो. त्यांनी मला बघितलं असतं ना नीट, पोरीशी बोलताना, भाव करताना, तर कदाचित पुढच्या वेळी कोणाची मान वाकडी झाली तर... जाऊ द्या. मी तरी कुठे थांबलो.

सरांनी फाईलला खाली तारखेसकट नोट जोडली, औषधं नियमित होती, लेव्हल ०.७, ट्रिगर नाईट शिफ्ट आणि झोप. सही-शिक्का. त्याचा क्लेमलाही उपयोग झाला, पैसे आले, पूर्ण नाही पण आले. कंपनीत नाईटमधून सूट मिळायला तर त्याच नोटचा सगळ्यात जास्त उपयोग झाला.

पुढची गोष्ट सरांमुळेच झाली. त्यांच्या ओळखीच्या एक मॅडम नर्सिंगला शिकवतात, मेंटल हेल्थ नर्सिंग त्यांचा विषय, त्यांनी विचारलं, आमच्या पोरांशी बोलाल का. आपल्या म्हसरूळला आरोग्य विद्यापीठ आहे, राज्यभरातली नर्सिंगची पोरं परीक्षा देतात त्याच्या, पण नाशिकला मोठं मेंटल हॉस्पिटल नाही, सरकारी ती चारच, येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी. त्यामुळे या पोरांपैकी बऱ्याच जणांचं पोस्टिंग ठाण्याला झालेलं. मी घाबरलो होतो, खोटं कशाला बोलू, पण गेलो. शर्ट इस्त्रीचा घातला, आणि जाताना गाडीत विचार आला की हे मी त्यांच्यासाठी घातलाय, म्हणजे 'बघा मी किती नॉर्मल' म्हणून.

पहिला प्रश्न एका मुलीचा, "सर, आम्ही काय काय करतो ते तुम्हाला नंतर आठवतं का?" वर्गात सगळे वळून तिच्याकडे बघायला लागले. मी म्हणलं, सगळं नाही, पण कोण कसं बोललं ते बऱ्यापैकी. मग सुरू झाले. एक पोरगा म्हणाला आम्हाला जायच्या आधी सांगतात, आयडी कार्डची दोरी काढून ठेवा, पेन खिशाला लावू नका, पेशंट आणि दार यांच्यात आपण दाराच्या बाजूला राहायचं. म्हणलं बरोबर सांगतात, हे पाळाच, मी स्टँड उचलला होता. आणि बोलायचं काय ते कोणी सांगतं का? तर म्हणे थेरप्युटिक कम्युनिकेशनचा चॅप्टर आहे, पाच मार्काला येतो. सगळे हसले, मॅडमसकट.

शेवटच्या बाकावरची एक जण म्हणाली की तिला पहिल्या दिवशी भीती वाटलीच नव्हती, भीती तिसऱ्या आठवड्यात वाटली, कारण तिथल्या एक बाई एकदम नीट बोलायच्या, बारावीला गणितात किती होते ते सांगायच्या, आणि मग हिच्या डोक्यात आलं की या इथे येऊ शकतात तर मी पण. मला वाटतं हे ती पहिल्यांदाच मोठ्याने बोलली. वॉर्डातल्या त्या सगळ्या अरे-तुरेत, 'तुमच्या पेशंटचं कसं असतं ना' मध्ये, थोडं हे पण असणार. तो वेगळा, मी वेगळा, हे रोज नव्याने ठरवावं लागत असणार आठ-आठ तास.

सध्या काम चाललंय ॲडव्हान्स डिरेक्टिव्हचं. कलम ५ आहे, आपण बरे असताना आधीच लिहून ठेवायचं की पुढे कधी निर्णय घ्यायच्या अवस्थेत नसलो तर कसे उपचार करा आणि कसे नको, इमर्जन्सीत ते लागू होत नाही पण बाकी वेळी डॉक्टरला ते सहसा पाळावं लागतं. मी लिहिलंय, आधी लिथियम लेव्हल बघा मग बोला. पाणी उशाशी. नुसतं हॅलोपेरिडॉल नको, मान जाते. बांधावं लागलं तर बांधा पण खाली बसलेल्या बायकोला सांगा. सरांनी वाचून दोन ठिकाणी भाषा नीट करून दिली.

एका मुद्द्यावर अडलंय. मी लिहिलं होतं की ॲडमिट असताना फोन माझ्याकडेच राहील, संपर्काचा हक्क कायद्यात आहेच. बायकोने पेन घेऊन त्यावर काट मारली. म्हणाली, "प्लॅन्ट हेडला मेल मी नव्हते केले. आणि ते तीन प्रेशर वॉशर कोणी मागवले होते?" दादा तिच्या बाजूने आहे. आई म्हणते एक प्रेशर वॉशर चांगला निघाला.